सदा आजारी मूल : बालकांतील उपजत प्रतिकारन्यूनतेचा परिचय

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने वसतिगृहातील आठवणी लिहून पाठवाव्यात असे कळविले, तेव्हा मला प्रथम आठवली ती कोठीघराशेजारची आजारी मुलांची खोली. तीन लोखंडी खाटा, एक माठ आणि भिंतीवरच्या खिळ्याला दोऱ्याने अडकवलेली एक वही, एवढेच तिचे सामान. ताप आलेल्या मुलाचे नाव, इयत्ता आणि तारीख अधीक्षक गुरुजी त्या वहीत स्वतःच्या हाताने लिहीत. माझ्या वर्गातील एका मुलाचे नाव तीत दर पंधरवड्याला असे. त्याचा एक कान नेहमी फुटलेला. कापसाचा बोळा घालून तो सकाळच्या वंदनेला रांगेत सर्वांत मागे उभा राही. पावसाळा लागला की खोकल्याच्या उबळीने त्याला वर्गाबाहेर जावे लागे. आम्ही त्याला 'सदा आजारी' म्हणून चिडवीत असू. सातवीत दिवाळीच्या सुटीत तो घरी गेला, तो परत आला नाही. न्यूमोनियाने गेला, एवढेच आम्हांला सांगण्यात आले.

पुढे बालरोगशास्त्र शिकत असताना कान फुटणे, पुनःपुन्हा न्यूमोनिया होणे आणि घशात टॉन्सिल न दिसणे ही लक्षणे एका पानावर एकत्र लिहिलेली वाचली आणि तो कापसाचा बोळा डोळ्यांसमोर आला. त्याचे रक्त कोणी तपासले नव्हते. तेव्हा त्याला हाच विकार होता असे मी म्हणणार नाही. परंतु त्या वहीतील त्याच्या नावाच्या ओळी कोणी एका जागी मोजल्या असत्या, तर निदान प्रश्न तरी विचारला गेला असता. आठवणींऐवजी हा अभ्यासलेख पाठवीत आहे, तो या कारणाने. आपल्या विद्यालयाचे अनेक माजी विद्यार्थी आज स्वतः पालक आहेत, काही शिक्षक आहेत, काही आरोग्य खात्यात आहेत. त्यांच्या हाती तो पडावा.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मूल आजारी पडते म्हणजे त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे, असा निष्कर्ष घाईने काढू नये. पाच वर्षांखालील निरोगी मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-पडसे होणे स्वाभाविक आहे. बालवाडीत किंवा वसतिगृहात नव्याने गेलेल्या मुलाला त्याहून अधिक वेळाही होते. ही पडशी आठ-दहा दिवसांत जातात, मधल्या काळात मूल खेळते, जेवते आणि वजनाने वाढते. असे मूल घेऊन 'डॉक्टरसाहेब, पॉवर वाढवायचे टॉनिक द्या' म्हणणारे पालक रोज येतात. त्यांना टॉनिकची गरज नसते, आणि बाटलीवर काहीही छापलेले असले तरी प्रतिकारशक्ती बाटलीत मिळत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती खरोखर दुबळी झालेली असते, त्यांतही बहुसंख्य मुलांच्या बाबतीत कारण जन्माबरोबर आलेले नसते. ते कुपोषण, नुकताच येऊन गेलेला गोवर, क्षयरोग किंवा एचआयव्हीची लागण असे नंतर जडलेले असते. ही कारणे आधी तपासून दूर करावी लागतात. ती सर्व तपासूनही उत्तर मिळत नाही, तेव्हा उरते ते या लेखाचा विषय होय : जनुकातील दोषामुळे प्रतिकारव्यवस्थेचा एखादा भाग मुळातच घडलेला नसणे किंवा घडूनही निकामी असणे. अशा विकारांची यादी आज चारशेच्या पलीकडे गेली आहे. त्यांपैकी एकेकटा विकार दुर्मीळ आहे. सर्व मिळून ते तितके दुर्मीळ नाहीत.

आपल्या शरीराची राखण एका शिपायाकडे नसते. रक्तातील काही पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात आणि आत मारतात. त्यांना भक्षक पेशी म्हणू. बी नावाच्या पेशी प्रतिपिंडे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, तयार करतात; ही प्रतिपिंडे रक्तात आणि स्रावांत तरंगत राहून जंतूला चिकटतात. टी नावाच्या पेशी छातीतील थायमस ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडतात. त्या विषाणूने ग्रासलेल्या पेशी नष्ट करतात, बी पेशींना कामाला लावतात आणि काम संपल्यावर सर्वांना आवरतातही. याशिवाय रक्तात कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांची एक साखळी असते. यांतील कोणता भाग उणा आहे, त्यावर कोणता जंतू शिरजोर होणार हे ठरते. म्हणून मुलाला किती वेळा आजार झाला यापेक्षा कोणत्या वयात झाला, शरीराच्या कोणत्या जागी झाला आणि कोणत्या जंतूने झाला, हे अधिक बोलके असते. एकाच नावाखाली मोडणाऱ्या या विकारांची रूपे इतकी भिन्न का, याचे उत्तर येथेच आहे.

या शास्त्राचा एक आरंभबिंदू १९५२ सालचा आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात कर्नल ऑग्डेन ब्रूटन नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. चार वर्षांत एकोणीस वेळा त्याच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला होता. दर वेळी पेनिसिलिनने तो बरा होई आणि पुन्हा पडे. रक्तातील प्रथिने विजेच्या साहाय्याने वेगळी करण्याचे यंत्र त्या रुग्णालयात नवे आले होते. त्या मुलाच्या रक्ताची तपासणी केली तेव्हा गॅमा ग्लोब्युलिनच्या जागी काहीच उमटले नाही. प्रतिपिंडे ज्या अंशात असतात तो अंशच नव्हता. ब्रूटन यांनी निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेले गॅमा ग्लोब्युलिन दरमहा त्याच्या कातडीखाली टोचण्यास आरंभ केला आणि ते संसर्ग थांबले. रोगाचा शोध आणि त्यावरचा उपचार एकाच लेखात प्रसिद्ध व्हावा, असे वैद्यकात क्वचित घडते. उपचाराचे तत्त्व आजही तेच आहे. दोष असलेले जनुक मात्र १९९३ मध्ये सापडले. त्याला 'बीटीके' म्हणतात आणि ते क्ष गुणसूत्रावर असते.

या विकाराचे वेळापत्रक पालकांनी समजून घेण्यासारखे आहे. बाळ जन्मते तेव्हा आईची प्रतिपिंडे नाळेवाटे त्याच्या रक्तात आलेली असतात. रक्तातील प्रतिपिंडे साधारण तीन आठवड्यांत निम्मी होतात, त्यांतून पुन्हा निम्मी. सहा महिन्यांच्या सुमारास आईची ही शिदोरी जवळजवळ संपते. तोवर सुदृढ दिसणारा मुलगा मग एकाएकी आजारांच्या मालिकेत सापडतो. कान फुटतात, सायनस भरतात, न्यूमोनिया होतो, कधी सांधा सुजतो, कधी मेंदूज्वर होतो. अशा मुलाचा घसा पाहिला तर टॉन्सिल जवळजवळ नसतात. एरवी डॉक्टर टॉन्सिल सुजले आहेत का एवढेच पाहतात; ते मुळात आहेत का, हे पाहण्याची सवय मलाही उशिराच लागली. टॉर्चखेरीज यासाठी काही लागत नाही.

उपचार म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे सुमारे ४०० ते ६०० मिलिग्रॅम. म्हणजे वीस किलोच्या मुलास एका वेळी ८ ते १२ ग्रॅम. मूल वाढते तसा खर्चही वाढतो आणि तो जन्मभर चालतो. हे औषध कारखान्यात रसायनांपासून बनत नाही. हजारो माणसांच्या रक्तातील पिवळसर द्रव, प्लाझ्मा, एकत्र करून त्यातून ते काढतात. दरवर्षी १४ एप्रिलला आपल्या वस्त्यांत ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे होतात. त्या रक्तातील तांबड्या पेशी अपघातग्रस्ताला किंवा बाळंतिणीला जातात हे सर्वांना ठाऊक असते. त्यातीलच जास्तीचा प्लाझ्मा अशा औषधांसाठीही पाठविला जातो, हे रक्तदात्यांना सहसा कोणी सांगत नाही.

प्रतिपिंडे नसलेल्या मुलाला निदान सहा महिन्यांची सवलत मिळते. टी पेशीच नसलेल्या बाळाला तीही मिळत नाही. टी पेशी नाहीत म्हणून बी पेशी असल्या तरी निरुपयोगी, अशा या अवस्थेला तीव्र संयुक्त प्रतिकारन्यूनता म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर तिला 'स्किड' म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून बाळाच्या तोंडात पांढरी बुरशी साचते आणि औषध लावूनही परत परत येते. जुलाब थांबत नाहीत. वजनाचा आलेख आडवा होतो. श्वास लागतो. उपचार न झाल्यास बहुतेक बाळे पहिला, फार तर दुसरा वाढदिवस पाहतात. आपल्याकडे अशा बाळाला सुकटी झाली म्हणतात, दृष्ट काढतात, कोठे कोठे पोटावर डागही देतात. दवाखान्यात आणले तर दूध पचत नाही, जंत झाले, क्षय असावा, असे एकेक नाव मिळते. आणि मृत्यूनंतर कागदावर 'न्यूमोनिया' किंवा 'अतिसार' लिहिले जाते. ते खोटे नसते, पण अपुरे असते.

या रोगाचे नाव जगाला परिचित झाले ते अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातील डेव्हिड व्हेटर या मुलामुळे. त्याचा थोरला भाऊ याच रोगाने सात महिन्यांचा असताना गेला होता. म्हणून २१ सप्टेंबर १९७१ रोजी डेव्हिड जन्मला तो थेट प्लॅस्टिकच्या निर्जंतुक कक्षात ठेवला गेला. वर्षा-दोन वर्षांत उपचार सापडेल अशी अपेक्षा होती. तो बारा वर्षे त्या प्लॅस्टिकच्या आत राहिला. हातमोज्यांतून त्याला स्पर्श करावा लागे. ऑक्टोबर १९८३ मध्ये त्याच्या बहिणीची अस्थिमज्जा त्याला देण्यात आली. तीत एक सुप्त विषाणू होता, निरोगी माणसात सहसा निरुपद्रवी असणारा. त्यातून डेव्हिडला लसिकापेशींचा कर्करोग झाला आणि २२ फेब्रुवारी १९८४ रोजी तो गेला. त्या प्लॅस्टिकच्या खोलीबद्दल पुष्कळ वाद झाले. मला स्वतःला तो प्रयोग करणाऱ्यांना दोष देणे कठीण जाते, आणि समर्थन करणेही.

खरे तर मार्ग त्याच्या जन्माआधीच सापडला होता. १९६८ मध्ये मिनेसोटा येथे रॉबर्ट गुड यांनी अशाच एका तान्ह्या मुलास बहिणीची जुळणारी अस्थिमज्जा देऊन वाचविले होते. डेव्हिडला तशी जुळणारी व्यक्ती मिळाली नाही. आज आई-वडिलांची अर्धी जुळणारी मज्जाही देता येते. प्रश्न उरतो तो वेळेचा. अमेरिकेतील २५ केंद्रांतील २४० बालकांच्या अभ्यासात साडेतीन महिन्यांच्या आत मज्जारोपण झालेल्या बाळांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होती. रोपणाच्या वेळी अंगात संसर्ग असलेल्या मोठ्या बाळांत हे प्रमाण निम्म्यावर आले. म्हणूनच तेथे २००८ पासून, प्रथम विस्कॉन्सिन राज्यात आणि २०१८ अखेरपर्यंत सर्व राज्यांत, प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन ही तपासणी होऊ लागली. आपल्या देशात अशी सार्वत्रिक तपासणी नाही. येथे हे काम घरातल्या माणसांच्या स्मरणशक्तीवर आणि डॉक्टरांच्या एका प्रश्नावर अवलंबून आहे.

तो प्रश्न मी एकदा विचारला नाही. माझ्या सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांतील ही गोष्ट. तीन महिन्यांचा मुलगा घेऊन एक बाई आली. बाळाच्या डाव्या काखेत लिंबाएवढी गाठ होती, ती फुटून वाहत होती. जन्मतः डाव्या दंडावर बीसीजीची लस दिलेली होती. काखेत लहानशी गाठ निरोगी बाळालाही कधी कधी येते. तसेच असावे असे मी समजलो. केसपेपरवर 'कौटुंबिक इतिहास' अशी एक ओळ छापलेली असते. तिच्यापुढे मी 'विशेष नाही' असे लिहिले. तीन आठवड्यांनी बाळ परत आले तेव्हा ते श्वासासाठी धडपडत होते. तेव्हा बाळाची आजी म्हणाली, "डॉक्टर, हिचे दोन्ही पोरगे असेच गेले. पोरगी तेवढी जगली." ती सुनेकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर मी विसरलेलो नाही. बाळाच्या रक्तातील लिम्फोसाइट पेशी घनमिलिमीटरमागे ६०० होत्या. त्या वयात ३,००० पेक्षा कमी आढळल्या तरी सावध व्हावे लागते. आम्ही बाळाला मुंबईस पाठविले. निदान झाले. बाळ वाचले नाही.

बीसीजी ही जिवंत परंतु दुबळ्या केलेल्या जंतूंची लस आहे. निरोगी बाळाचे ती क्षयाच्या गंभीर रूपांपासून रक्षण करते. टी पेशी नसलेल्या बाळात मात्र तेच जंतू अंगभर पसरतात. तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची आणि रोटाव्हायरसची लस, तसेच गोवर-रुबेलाची लस, याही जिवंत लसी होत. येथे माझ्या म्हणण्याचा कोणीही विपर्यास करू नये : लाखो बाळांना या लसी दिल्याच पाहिजेत आणि वेळेवर दिल्या पाहिजेत. परंतु ज्या घरात एखादे मूल वर्षाच्या आत संसर्गाने दगावले आहे, किंवा आईच्या माहेरी मुलगे लहानपणीच गेल्याचे सांगतात, त्या घरातील नव्या बाळाच्या बाबतीत ही गोष्ट बाळंतपणाच्या खोलीतच, लस टोचण्यापूर्वी, डॉक्टरांना सांगितली पाहिजे. रक्ताची तपासणी होईपर्यंत बीसीजी लांबविता येते. दिलेली परत काढता येत नाही.

यापेक्षा अगदी निराळे चित्र भक्षक पेशींच्या दोषात दिसते. दीर्घकालीन ग्रॅन्युलोमा विकार हे त्याचे ठळक उदाहरण. येथे पेशींची संख्या पुरेशी असते, त्या जंतूंना गिळतातही. पण गिळल्यावर आत प्राणवायूपासून जे जहाल द्रव्य तयार व्हायला हवे ते होत नाही, आणि जंतू पेशीच्या पोटात जिवंत राहतो. मुलाला पडसे इतरांएवढेच होते, परंतु गळवे होतात; मानेतल्या गाठी पिकतात, गुदद्वाराजवळ गळू होते, आणि कधी यकृतात. लहान मुलाच्या यकृतात जिवाणूंचे गळू आढळले तर या विकाराची तपासणी केल्याशिवाय थांबू नये असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. तपासणीत एक रंगद्रव्य वापरतात : निरोगी भक्षक पेशी ते निळे करतात, या मुलांच्या पेशी करू शकत नाहीत. निदान झाल्यावर रोजच्या दोन गोळ्या, एक जिवाणूंविरुद्ध आणि एक बुरशीविरुद्ध, मुलाचे आयुष्य बदलून टाकतात. मज्जारोपणाने विकार समूळ जाऊ शकतो.

या मुलांना बुरशीचे भय फार. कुजलेला पालापाचोळा, कंपोस्टचा खड्डा, ओला भुसा, जुनी कडब्याची गंजी यांत बुरशीचे असंख्य कण असतात; ते उकरताना छातीत गेले तर काही दिवसांत जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. वसतिगृहात श्रमदानाच्या दिवशी उकिरडा साफ करण्याचे काम सर्वांना सारखेच वाटून दिले जाई, आणि ते योग्यच होते. परंतु असे निदान झालेले मूल शाळेत असेल तर त्याला त्या दिवशी दुसरे काम द्यावे, हे शिक्षकांना ठाऊक हवे. त्याने काम टाळले असे नव्हे.

आता काही खुणा थोडक्यात नोंदवितो, कारण त्या प्रथम घरातल्या माणसांच्याच नजरेस पडतात. बाळाची नाळ साधारण आठ-पंधरा दिवसांत गळून पडते; महिना उलटला तरी पडली नाही, बेंबी लाल आहे पण पू नाही, तर पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीबाहेर पडूच शकत नाहीत असा एक दोष असू शकतो. घरातल्या इतरांचे केस काळेभोर असताना बाळाचे केस चंदेरी-राखाडी असणे, हीही एक खूण आहे. अंगभर इसब, त्यासोबत कातडीवर लाल-जांभळे ठिपके किंवा शौचातून रक्त, आणि वारंवार कान फुटणे, हे त्रिकूट मुलात दिसले तर विस्कॉट-ऑल्ड्रिच विकाराचा विचार करावा; म्युनिकच्या विस्कॉट यांनी १९३७ मध्ये तीन सख्ख्या भावांत तो नोंदविला होता, बहिणी निरोगी होत्या. नवजात बाळाला कॅल्शियम कमी पडून आकडी येणे आणि त्याच बाळाच्या हृदयात दोष असणे, यामागे थायमस ग्रंथी न घडल्याचे कारण असू शकते. दुधाचे दात न पडता त्यांच्या मागून दुसरे दात येणे आणि अंगावर न दुखणारी, गरम न लागणारी गळवे येणे, अशीही एक जोडी आहे. चालायला शिकलेल्या मुलाचा तोल पुढे बिघडत जाणे आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल शिरांचे जाळे दिसणे, ही दुसरी. या मुलांना क्ष-किरण अपाय करतात, म्हणून निदान आधी व्हावे. एकाच मुलाला दोनदा मेंदूज्वर झाला तर कॉम्प्लिमेंटची साखळी तपासावी.

आणि काही मुलांना संसर्ग फारसा होतच नाही. प्रतिकारव्यवस्थेला आवर घालणारा भागच निकामी असल्याने ती स्वतःच्या शरीरावर उलटते : तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब, तांबड्या पेशींचा नाश, सदा सुजलेली पांथरी. प्रतिकारशक्ती कमी असणे आणि अनावर असणे या दोन्ही गोष्टी एकाच दोषातून निघू शकतात, हे वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही पहिल्यांदा पटत नाही.

आजीच्या त्या नजरेकडे मला परत वळले पाहिजे. मुलगे दगावतात आणि मुली जगतात, अशा घरात सुनेला पांढऱ्या पायाची म्हणतात. विज्ञानाचे अर्धे वाक्य ऐकले तर या आरोपाला जणू पुष्टीच मिळते, म्हणून पूर्ण वाक्य सांगतो. काही जनुके क्ष गुणसूत्रावर असतात. स्त्रीला दोन क्ष गुणसूत्रे असतात. एकावर दोष असला तरी दुसरे काम निभावते, आणि तिला स्वतःला कसलाही त्रास नसल्याने हे तिला कधी कळतही नाही. मुलाला आईकडून एकच क्ष मिळते. ते सदोष असण्याची शक्यता प्रत्येक मुलाच्या वेळी निम्मी. तिलाही ते तिच्या आईकडून किंवा बापाकडून आलेले असते, किंवा कोणाकडूनही न येता नव्याने उद्भवलेले असते. डोळ्यांचा रंग जसा कोणी निवडत नाही, तसेच हे. शिवाय या चारशेहून अधिक विकारांपैकी बहुतेक क्ष गुणसूत्रावर नाहीतच. त्यांतील पुष्कळांत एक सदोष प्रत आईकडून आणि एक बापाकडून यावी लागते, तेव्हाच मूल आजारी होते, मग तो मुलगा असो वा मुलगी. प्रत्येक गर्भाच्या वेळी ही शक्यता चारात एक असते. त्या हिशेबात बाप अर्ध्याचा वाटेकरी असतो, पण त्याच्या पायांचा रंग कोणी पाहत नाही.

येथेच नात्यातील लग्नांचा मुद्दा येतो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल जुनी आहे. माझ्या स्वतःच्या आई-वडिलांचे लग्न तसेच झालेले. त्यामागे माया असते, हुंड्याची धास्ती कमी होते, मुलगी ओळखीच्या घरात पडते, हे सारे मी जाणतो. परंतु प्रत्येक माणसात काही सदोष जनुके लपलेली असतात. परक्या दोघांत तीच जनुके जुळण्याचा योग क्वचित. आते-मामे भावंडांचे आजी-आजोबा एकच असल्याने एकात असलेला दोष दुसऱ्यातही असण्याची शक्यता आठात एक होते. अशी बहुतेक लग्ने निरोगी संतती देतात, हेही खरे आहे. पण ज्या कुटुंबात एखादे मूल अशा विकाराने गेले आहे, त्या कुटुंबाने पुन्हा त्याच नात्यात सोयरीक जोडण्यापूर्वी जनुकीय सल्ला घ्यावा, एवढा आग्रह मी धरतो आणि त्यासाठी नातलगांचा रोषही पत्करला आहे.

तपासणीची सुरुवात तालुक्याच्या गावातही होऊ शकते. पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार संख्येसह रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, एचआयव्हीची चाचणी आणि इम्युनोग्लोब्युलिनचे मापन, एवढ्यातून बरेच कळते. पुढील तपासण्यांसाठी मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही शासकीय संस्था आणि परळचेच वाडिया बालरुग्णालय यांचा या क्षेत्रातील अनुभव मोठा आहे. उत्तरेत चंदीगडची पीजीआय संस्था. केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात स्किड, ग्रॅन्युलोमा विकार आणि विस्कॉट-ऑल्ड्रिच यांचा समावेश आहे. धोरणातील आजारांसाठी नेमलेल्या केंद्रांतून, मुंबईत केईएम येथून, रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद २०२२ मध्ये झाली. कागदपत्रे जमविताना दमछाक होते. तरी अर्ज करावा.

पालकांनी व शिक्षकांनी काय पाहावे, याचे आकडे सहज लक्षात ठेवण्यासारखे आहेत. वर्षात चार वा अधिक वेळा कान फुटणे. वर्षात दोनदा न्यूमोनिया. दोन महिने प्रतिजैविके घेऊनही गुण न येणे. शिरेतून औषधे दिल्याखेरीज संसर्ग न हटणे. खोलवर पुनःपुन्हा गळवे. वर्षानंतरही तोंडात बुरशी. वजन न वाढणे. आणि घरात तसा मृत्यू. यांपैकी दोन गोष्टी एका मुलात असल्या तर मोठ्या रुग्णालयात जावे. जाताना जुने कागद, केसपेपर, लसीकरणाचे कार्ड, एक्स-रे, सर्व तारखांनुसार लावून न्यावेत, आणि गेलेल्या भावंडांची वये व लक्षणे लिहून न्यावीत.

त्या बाईची धाकटी बहीण पुढे दोन वर्षांनी गरोदर राहिली. तिसऱ्या बाळाचे निदान कागदावर होते म्हणून या वेळी प्रश्न विचारायला कोणी विसरले नाही. मुलगा झाला. बीसीजी थांबविली, नाळेतील रक्त तपासले. टी पेशी पुरेशा होत्या. दीड महिन्याने मी स्वतः त्याला लस टोचली. बाळाची मावशी सोबत आली होती, तीच त्याला मांडीवर घेऊन बसली होती.

वसतिगृहातील ती वही आता नाही, असे मला कळले. हजेरी व आजारपणाच्या नोंदी संगणकावर होतात. संगणकाला एका मुलाचे नाव वर्षात किती वेळा आले हे विचारायला क्षणभर लागतो. दर सत्राअखेर ती यादी काढून पहिली पाच नावे माझ्याकडे पाठवावीत, अशी विनंती मी अधीक्षकांना केली आहे. पहिली यादी गेल्या महिन्यात आली. चार मुले साध्या पडशाची आहेत. पाचव्या मुलीच्या वडिलांना जुने कागद घेऊन बोलाविले आहे.